माणसांचा दवाखाना पुढं आहे

मालवण, १४ नोव्हेंबर १९८५

काल इथं रुजू झालो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा, अंगणात जनावर उभं करायचा लाकडी खोडा आणि एक फणस. ड्रेसर धोंडू म्हणून आहे. पन्नाशीचा, ओठ झाकणाऱ्या पांढऱ्या मिशांचा. मिशा आहेत ते बरं झालं.

खोली सेवरीनाबाईंच्या घरात मिळाली आहे. नवरा बोटीवर होता, तो वारला. दोन मुलगे आखातात. मोठ्या घरात त्या एकट्याच, म्हणून पुढची पडवी भाड्यानं देतात. जेवण त्यांच्याकडेच. मासे चालतात ना, एवढंच त्यांनी विचारलं.

निघताना साहेबांनी बदलीचं कारण तोंडी सांगितलं. कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. 'डॉक्टर माणसांत मिसळत नाहीत, ओळख दाखवत नाहीत,' अशी तक्रार आहे, आणि ती याआधीच्या गावांतूनही आली होती. मी म्हणालो, माझं लक्ष नसतं. साहेब म्हणाले, मग लक्ष द्या. इथं लक्ष द्यायचं ठरवलं आहे. माझे आजोबा इथूनच जवळ, परुळ्याहून घाट चढून कोल्हापूरला गेले. तेव्हा हा मुलूख तसा आपलाच. पण संध्याकाळी बोलायला कुणी नाही, म्हणून ही वही.

२३ नोव्हेंबर

धोंडू दोन दिवस घुम्यासारखा काम करत होता. आज खोड्यात म्हैस बांधता बांधता बोलला.

"सायबानू, माझा काय चुकला तर तोंडार सांगा. पण बाजारात माका असा परक्यासारका बगू नकात."

आठवून पाहिलं. परवा मासळीबाजारात एक माणूस माझ्यासमोर उभा राहून हसला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, त्याचं टोक तोंडावरून गेलेलं. मी बाजूला सरकून त्याला वाट दिली. तो धोंडू होता. मिशा टॉवेलाखाली होत्या.

माझं लक्ष नव्हतं म्हणालो. त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. ती म्हैस मात्र मी आठ दिवसांपूर्वी एकदाच पाहिली होती, रेवंडीच्या रस्त्यावर. अंगणात शिरल्याबरोबर ओळखली. डावं शिंग टोकाशी किंचित आत वळलेलं, कासेवर जुना ओरखडा. जनावरांच्या बाबतीत माझं लक्ष कधी चुकत नाही. माणसांच्या बाबतीतच का चुकावं?

८ डिसेंबर

सेवरीनाबाई भांडी आपटत वाढत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय रे बाबा, इगर्जीच्या दारात मी तुका बगून हसलंय. तू तसोच गेलस."

आज त्यांचा सण. सकाळी चर्चवरून सायकलनं गेलो तेव्हा पायऱ्यांवर बायका होत्या, हे खरं. बहुतेकींनी झगे घातले होते, डोक्यावर जाळीचे रुमाल. घरात मी त्यांना नेहमी फिकट लुगड्यात पाहतो. माफी मागितली. त्यांनी आणखी एक तळलेला बांगडा वाढला, म्हणजे राग गेला असावा.

मला वाटतं, बाकीची माणसं यात जास्त कष्ट घेतात. कुणाची चाल कशी, आवाज कसा, कान केवढे, छत्री कोणती, हे सगळं पाठ करून ठेवत असतील. माझं पाठांतर लहानपणापासूनच कच्चं.

१७ जानेवारी १९८६

हायस्कूलमध्ये मुलांपुढं बोलावं म्हणून बोलावणं होतं. मी गाईच्या नाकाचे ठसे घेऊन गेलो होतो. नाकपुड्यांमधला ओला भाग पुसून कोरडा करायचा, शाई लावायची आणि कागद दाबायचा. त्यावर रेघा आणि उंचवटे उमटतात. दोन गाईंचे ठसे सारखे येत नाहीत, अगदी एका गाईच्या दोन वासरांचेही नाहीत. मुलांनी कागदावर नाकं टेकवली. चौघांच्या नाकांना शाई लागली.

विज्ञान शिकवणाऱ्या जानकी तेंडोलकर बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "माणसाला मात्र अंगठा उठवायला लावतात. त्याचं तोंड पुरत नाही का?"

मी म्हणालो, "तोंडं सगळ्यांची सारखीच असतात ना. तोंडावरून कसं सांगणार?"

सगळा वर्ग हसला. बाई तर तोंडाला पदर लावून हसल्या. विनोद चांगला झाला म्हणून हेडमास्तरांनी पाठीवर थाप मारली. मी विनोद केला नव्हता. चहा झाला तरी मला कळेना, ते कशाला हसले.

२ फेब्रुवारी

जानकीबाई दवाखान्यात आल्या होत्या. आता तिसऱ्यांदा. दर वेळी मुलांनी विचारलेला एखादा प्रश्न आणतात. गाय रवंथ करताना झोपलेली असते का? कोंबडीला दात नसताना ती दाणे कशी दळते? मी काय वाचतो ते त्यांनी विचारलं. जुनी मासिकं, म्हणालो.

आज वटवाघळांबद्दल बोलणं निघालं. अमेरिकेतल्या गुहांमध्ये लाखो पिल्लं भिंतीला चिकटून असतात आणि आई बाहेरून आली की बहुतेक वेळा त्या गर्दीतून आपलंच पिल्लू शोधून काढते.

"कसं?"

"आवाज आणि वास."

"तोंड बघत नाही?"

"अंधारात तोंडाचा काय उपयोग?"

"बरं झालं आपण वटवाघळं नाही," त्या म्हणाल्या. वटवाघूळ होण्यात माझी काही गैरसोय झाली नसती.

त्यांना मी लांबूनच ओळखतो याचं मला नवल वाटतं. कमरेच्या खाली गेलेली वेणी, तीत अबोलीचा वळेसर, लाकडी मुठीची काळी छत्री. डावं पाऊल चालताना जरा बाहेर पडतं. आवाज सर्दी झाल्यासारखा घोगरा, हसल्या की आणखी घोगरा. गावात एकच माणूस मला असं पक्कं पाठ झालं आहे.

९ मार्च

तोंडवलीला जाऊन आलो. जानकीचे वडील तिच्या लहानपणीच गेले, काका दाजींनी तिला वाढवलं. दाजींनीच माझ्या अक्काला कोल्हापूरला निरोप धाडला होता. अक्का आली, परुळ्याचं कूळ जुळलं, आज सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर.

खोलीत तिच्या वयाच्या चार मुली होत्या, सगळ्यांच्या लांब वेण्या, सगळ्यांनी अबोली माळलेली. मी नुसता पानाच्या तबकाकडे पाहत राहिलो. मग चुलतबहिणीनं काहीतरी चिडवलं आणि उजवीकडून दुसरी घोगरं हसली. मग तिच्याकडे पाहून हसलो. अक्का परतताना म्हणाली, किती लाजतोस रे.

दाजींच्या गोठ्यात एक तांबडी कालवड आहे, जानकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिला पाहिल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. आम्ही दोघंच गोठ्यात होतो. कालवड तिचा हात चाटत होती. तिनं विचारलं, "तुम्हाला इथं एकटं वाटत नाही?" मी म्हणालो, वाटायचं. असं सरळ उत्तर मी कधी कुणाला दिलं नव्हतं.

३० एप्रिल

जानकी सुट्टीसाठी इन्सुलीला मावशीकडे गेली. एसटी हलल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढून छत्री हलवली. छत्री हलवण्याचं कारण मला कळलं नाही, पण त्यामुळे खिडकी ओळखता आली. बरं वाटलं.

३ जून

घटसर्पाच्या लसी चालू आहेत. दाजी भेटले. जानकीला विषमज्वर झाला आहे. तीन आठवडे अंथरुणाला खिळून आहे, आता उतार आहे. मी इन्सुलीला जातो म्हणालो. दाजी म्हणाले, लग्नाआधी मावशीच्या घरी जाणं बरं दिसणार नाही, ती येईलच. पत्र पाठवलं.

११ जुलै

पावसाची झड, जनावरं आली नाहीत. धोंडू कट्टा गावाला लसी घेऊन गेला होता. दुपारी मी एकटाच ओट्यावर बसलो होतो. एक बाई आली. फार रोडावलेली, गालांची हाडं वर आलेली, डोक्यावरून पदर. पायरीशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी विचारलं, जनावर कुठं आहे? ती बोलेना. मग तिनं पदर खाली घेतला. केस मुलग्यासारखे, मधेमधे विरळ. मला वाटलं, डोक्यात काही रोग झाला असेल आणि पाटी न वाचता इथं आली असेल. मी उठून हातानं दाखवलं आणि म्हणालो, "बाई, हा गुरांचा दवाखाना. माणसांचा दवाखाना पुढं आहे, नाक्यावरून डावीकडे."

ती तशीच उभी राहिली. नंतर पदर घेतला आणि पावसातच गेली. तेही डावीकडे नाही, स्टँडच्या बाजूला. छत्री घ्या म्हणून हाक मारली, तिनं ऐकलं नाही. आजारी माणसानं भिजू नये. कुणाची कोण, मन मात्र दिवसभर लागलं नाही.

१९ जुलै

शाळा सुरू होऊन महिना झाला. जानकी अजून आली नाही. पत्राचं उत्तर नाही. अबोलीचं रोप सेवरीनाबाईंच्या परसात आहे, त्याला बहर आला आहे.

२४ जुलै

आज दाजी आले. बसा म्हणालो तर बसले नाहीत. सुपारी मोडली म्हणून सांगायला आले होते.

मी विचारलं, काय झालं?

"चेडू तुमच्या दारात इला," ते म्हणाले. "इन्सुलीसून एसटीतसून उतारला ता पयला तुमच्याकडे. केस गेले म्हणान ता तुमका नको झाला, तर तसा तोंडार सांगायचा होतात. माणसांच्या दवाखान्याची वाट कित्याक दाखवलात?"

पाऊस पडत होता. त्यांच्या छत्रीचं पाणी ओट्यावर ठिबकत होतं, तेवढंच दिसत होतं. मी म्हणालो, मी ओळखलं नाही. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. जाता जाता म्हणाले, चार महिने ज्या पोरीशी ओट्यावर गप्पा मारल्यात, ती ओळखली नाही? माझी म्हैस तुम्ही खाडीपलीकडून ओळखता.

धोंडू आतून ऐकत होता. आज त्यानं चहा केला नाही.

२५ जुलै

ती पायरीशी किती वेळ उभी होती. तिनं पदर खाली घेतला तो मला दाखवण्यासाठी. म्हणजे आधी पाहून घ्या, मग काय ते ठरवा, असं. आणि मी काय म्हणालो.

दिवसभर हेच. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१० ऑगस्ट

जेवण जात नाही हे सेवरीनाबाईंनी पाहिलं. आज सगळं सांगून टाकलं. बाकी कुणाला सांगणार?

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "पण तुका खरांच कळाक नाय?"

"खरंच नाही."

त्या आत गेल्या आणि फोटोंचा डबा घेऊन आल्या. एक फोटो पुढं ठेवला, पोरांचा घोळका. "ह्यातलो माझो कॉस्मे खंयचो?" त्यांचा मुलगा कॉस्मे नाताळात आखातातून येऊन महिनाभर घरी होता, आम्ही रोज एकत्र जेवलो. मला सांगता आलं नाही. दुसरा फोटो दिला. नाताळचाच, याच घराच्या पायऱ्यांवरचा. बाई मध्ये, शेजारी कोट घातलेला एक माणूस.

"आनि ह्यो कोण?"

मी नीट पाहिलं. नाक, डोळे, कपाळ, सगळं स्वच्छ दिसत होतं. "तुमचे भाऊ?"

त्यांनी फोटो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "ह्यो तू मरे," त्या म्हणाल्या. "कॉस्मेचो कोट घातलेलो तू."

११ ऑगस्ट

लहानपणीची एक गोष्ट आमच्या घरात गंमत म्हणून सांगतात. जोतिबाच्या यात्रेत मी आईचा हात सोडून हिरव्या लुगड्यातल्या दुसऱ्याच बाईबरोबर चालू लागलो होतो. मला त्यात गंमत कधीच वाटली नाही. ती बाई आई नाही हे मला ती बोलल्यावर कळलं.

आणि अक्का. अक्का फाटकातूनच 'मी अक्का आले रे' अशी हाक मारते. आता वय पन्नास झालं तरी मारते. सगळ्यांच्या बहिणी असंच करतात, असं मी धरून चाललो होतो. तिला हे कधी कळलं असेल? की कळलंच नाही, नुसती सवय लागली?

१६ सप्टेंबर

पणजीला जाऊन आलो. सेवरीनाबाईंचा भाचा फॉस्टिन तिथल्या मोठ्या इस्पितळात नोकरीला आहे, त्यानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तरुण आहेत, परदेशात शिकून आलेले. त्यांनी मला पुढाऱ्यांचे फोटो दाखवले, टोप्या, चष्मे आणि केस कागदानं झाकून. एकही सांगता आला नाही. मग त्यांनी एका पुस्तकातली मेंढरांची चित्रं दाखवली, ती उलटसुलट करून पुन्हा पुढं ठेवली. सगळी बरोबर जुळवली.

डॉक्टरांना आनंद झाला. त्यांना असा माणूस आजवर भेटला नव्हता. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात चेहऱ्याचं काम वेगळं चालतं, म्हणाले. माकडांच्या मेंदूत काही पेशी अशा सापडल्या आहेत की चेहरा दिसला की त्या जोरात जाग्या होतात, हात किंवा फळ दिसलं तर तितक्या होत नाहीत. डोक्याला मार लागून चेहऱ्यांची ओळख गेलेली माणसं डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहेत. त्याला जर्मनीतल्या एका डॉक्टरनं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं आहे. जन्मापासून असं असल्याची नोंद मात्र फार थोडी. बहुधा त्या माणसांना स्वतःलाच कळत नसावं. एका शेतकऱ्याची हकीकत नुकतीच छापून आली आहे, तीही त्यांनी सांगितली. आजारानंतर त्याला माणसं पुन्हा ओळखू येऊ लागली, पण त्याच्या गाई त्याला ओळखू येईनात.

"तुमच्या अगदी उलट," ते म्हणाले आणि हसले. मलाही हसू आलं. तो शेतकरी गोठ्यात उभा राहून काय करत असेल, असं मनात आलं.

इलाज विचारला. इलाज नाही.

परत येताना एसटीत सगळ्यांकडे पाहत होतो. ही सगळी माणसं एकमेकांकडे बघतात आणि त्यांना नुसतं कळतं. पाठ करावं लागत नाही. बत्तीस वर्षं मला कुणी हे सांगितलं नाही. सांगणार तरी कोण?

५ ऑक्टोबर

जानकीनं इन्सुलीच्या शाळेत बदली करून घेतली आहे. काल गेलो. मावशीचं घर हमरस्त्याला लागून, दारासमोर नाक्यावर तपासणीसाठी थांबलेल्या ट्रकांची रांग. अंगणात दोघी बायका धान्य पाखडत होत्या. मी दोघींच्या मध्ये बघत म्हणालो, जानकी आहे का? त्यातली एक सूप खाली ठेवून उठली. सुरुवातच अशी झाली.

मावशी आत गेली. मी पणजीचं सगळं सांगितलं. फोटो, माकडं, शेतकरी. फार बोललो बहुतेक. तिला अशा गोष्टी आवडत असत. ती ऐकत होती, पण कपाळावर आठी तशीच.

"गुरं ओळखता," ती म्हणाली. "मग माझंच तोंड तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं. राहत नाही."

"मार्चात राहत होतं. एप्रिलात राहत होतं."

"तेव्हा वेणी होती."

हे बोलायला नको होतं. ते खरं होतं, पण तिच्या कानावर ते कसं पडलं असेल ते मला बोलल्यावर समजलं. ती थोडा वेळ ट्रकांकडे पाहत राहिली.

"म्हणजे हा रोग तुम्हाला माझे केस गेल्यावर सापडला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार, तसंच झालं होतं. तिनं सूप उचललं. मला पाणी विचारलं, मी नको म्हणालो. ती आत गेल्यावर मी ट्रकांच्या कडेकडेनं स्टँडपर्यंत चालत गेलो.

२० डिसेंबर

धोंडूला मागच्या महिन्यात सांगितलं. त्याला मेंदूचं वगैरे पटलं नाही. पण माझं तोंड बघून त्याला काहीतरी पटलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारात दुरूनच, "सायबानू, मी धोंडू," असं ओरडतो. त्याच्याकडून ते गावभर झालं. आता लोक नाव सांगतात, आणि नावाबरोबर जनावर सांगतात, म्हणजे मला सोपं जावं. "मी कावेरी, पोटदुखी झालेल्या म्हशीची." "मी हरिश्चंद्र, चांद असलेल्या गायीचो." शाळेतली पोरं खोटी नावं सांगून पळतात. एका सभ्य गृहस्थानंही तसं केलं आणि चहाच्या दुकानात सगळे हसले. त्यांच्या बैलाची खुरं मी दुसऱ्या दिवशी पाहिली. ते शेवटपर्यंत माझ्याकडे बघू शकले नाहीत.

नाव सांगून माणसं पुढं जातात. ओळख झाली, त्याच्या पलीकडचं अजून काही नाही. संध्याकाळी सेवरीनाबाई दारातून "मी मरे", म्हणजे 'मीच रे', म्हणत येतात. घरात त्या एकट्याच असतात, तरी म्हणतात.

१२ फेब्रुवारी १९८७

दाजी दवाखान्यात आले नाहीत, पण धोंडूकडून कळलं. जानकीचं लग्न ठरलं. मुलगा सावंतवाडीचा, शिक्षकच आहे. मे महिन्यात, तोंडवलीलाच.

आज दिवसभर लाळ-खुरकुताची जनावरं होती. बरं झालं.

५ मे

सकाळी धोंडू फटफटीवरून आला. दाजींची तांबडी अडली होती, पहिलंच वेत. दाजींनी बोलावलं, म्हणजे दुसरा इलाज राहिला नव्हता. परवा लग्न. आम्ही पोचलो तेव्हा दाजी सोडून बाकी पुरुष मांडवासाठी झावळ्या आणायला गेले होते. घर बायकांनी भरलेलं, सगळ्या नव्या लुगड्यांत. मी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ गोठ्यात गेलो.

गाय आडवी पडली होती, दमलेली. हात घालून पाहिलं. पुढचे दोन पाय वाटेत आलेले, मान मात्र मागं वळून बरगडीवर टेकलेली. असं वासरू ओढलं तर दोघंही जातात. आधी ते पुन्हा आत ढकलायला हवं होतं. मी साबणाचं पाणी मागितलं आणि गाईचं डोकं धरायला कुणीतरी बसा म्हणालो. एक बाई येऊन बसली. लुगडं खोचलेलं, केस खांद्यापर्यंत, एका रिबिनीत बांधलेले. दाजी दाराशी उभे होते, ते काहीतरी बोलायला गेले, तर त्या बाईनं मान हलवली. लाजत असेल, मला वाटलं.

पायांना दोऱ्या बांधून धोंडूच्या हातात दिल्या. गाय कळ देत नसे तेव्हा मी वासरू मागं रेटत होतो, कळ आली की हात चेंगरत होता. बोटं बधिर झाली. मी म्हणत होतो, डोकं सैल सोडा, आता दाबून धरा, पाणी द्या. ती सगळं बरोबर करत होती, एक शब्दही न बोलता. गाय तिच्या मांडीवर मान टाकून पडली होती आणि डोळे वर करून तिच्याकडे पाहत होती. हे सगळं मी पाहिलं. त्यावरून काहीही माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी वासराचं नाक तळहातात सापडलं. गर्भाशयाला दात लागू नयेत म्हणून मुस्कट मुठीत धरलं आणि मान वळवून आणली. मग धोंडूनं ओढलं. वासरू बाहेर पडलं ते निपचित. त्या बाईनंच नाकपुड्यांतला चिकटा काढला, गवताची काडी नाकात घातली, ते शिंकलं. पाडी झाली. दाजी तिथंच खाली बसले.

मी परसात हात धुवायला गेलो. ती तांब्या घेऊन मागून आली आणि पाणी ओतू लागली.

"मी जानकी," ती म्हणाली.

आवाज तोच, घोगरा. मी हात तसेच पुढं धरून उभा राहिलो.

"आधी का नाही सांगितलंस?"

"बघायचं होतं." तिनं पुन्हा थोडं पाणी ओतलं. "इन्सुलीला मला वाटलं, शिकलेल्या माणसानं शिकलेलं कारण शोधून आणलं. तासभर तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही चार वेळा माझ्या तोंडाकडे पाहून पाणी मागितलंत."

"आणि आता?"

"आता पटलं."

तांब्यातलं पाणी संपलं होतं. ती आत जाऊन भरून घेऊन आली आणि कोपरापर्यंतचं रक्त निघेपर्यंत ओतत राहिली. बोलण्यासारखं दोघांकडेही होतं, पण आतून तिला हाका चालू होत्या. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. भुवया, हनुवटी, डाव्या गालावरचा बारीक तीळ. तिनं पाहू दिलं. मग तांब्या कठड्यावर ठेवून ती गेली.

फटफटीवर धोंडूच्या मागं बसून मी तो चेहरा धरून ठेवायचा प्रयत्न केला. खाडी लागेपर्यंत तीळ तेवढा राहिला होता, बाकी गेलं.

निघताना दाजींनी दोन्ही हात धरून सांगितलं होतं, परवा यायचंच. सेवरीनाबाई म्हणाल्या, जाऊ नको. मी जाणार आहे. परवा कुणालाही मला काही सांगावं लागणार नाही. मुंडावळ्या बांधलेली एकच असेल, मी तिला मांडवाच्या दारातूनच ओळखीन.